शेतावर तंबूंचा मुक्काम: इंदूरकर जमीनमालकांचे ऑनलाइन अर्ज कुठे अडतात

सिमरोल, चोरल, महू, मानपूर या पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन असलेली मराठी कुटुंबे इंदुरात पुष्कळ आहेत. पाऊस ओसरला की त्यांच्यापैकी कुणीतरी शेताच्या कडेला दोन-चार तंबू उभारून ती जागा मुक्कामासाठी ऑनलाइन भाड्याने देण्याचे ठरवते. जागेची छायाचित्रे, दर, राहण्याचे नियम आणि बँक खाते भरण्याचे काम एका संध्याकाळी उरकते. अर्ज परत येतो तो मालकी सिद्ध करण्याच्या टप्प्यावर. गेल्या काही हिवाळ्यांत ओळखीच्या घरांचे अर्ज भरताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की पुढचा बहुतेक मजकूर त्या एकाच टप्प्याविषयी आहे.

संकेतस्थळाची निवड करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशातील नातेवाईक हिपकॅम्पचे नाव सुचवतात. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ती सेवा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील खासगी जमिनींवर उभी राहिली आहे, त्यामुळे तिचे नियम वाचून इथली तयारी करू नये. इथली जागा एअरबीएनबीसारख्या, भारतात चालणाऱ्या संकेतस्थळांवरच नोंदवावी लागते.

पहिला घोटाळा शब्दांचा आहे. पुण्या-मुंबईचे भाऊबंद ‘सातबारा आणि एनए (बिगरशेती परवानगी) लागेल’ असे सांगतात, महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचे कागदही पाठवतात, आणि अर्जदार तहसिलीत जाऊन सातबारा मागतो. मध्यप्रदेशात सातबारा नाही. येथे मालकी दाखवणारे कागद म्हणजे खसरा (सर्वे क्रमांकानुसार जमिनीची नोंद) आणि बी-१ खतौनी (खातेदारानुसार नोंद). त्यांच्या प्रमाणित प्रती एमपी भूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून शुल्क भरून मिळतात. ऋण पुस्तिका, जिला माळव्यात सगळे ‘पावती’ म्हणतात, ती सोबत जोडावी. पण ती अनेक घरांत आजोबांच्या काळातली असते आणि तिच्यातील नोंदी आजच्या खसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

दुसरी अडचण नावाची, आणि सर्वांत जास्त अर्ज हिच्यामुळे फिरतात. खसऱ्यात नाव ‘अमुक पिता तमुक’ असे हिंदी वळणाने, पुष्कळदा आडनावाशिवाय लिहिलेले असते. आधारवर आणि बँक खात्यावर तेच नाव आडनावासह असते. कागद तपासणाऱ्या दूरच्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळण्याचे साधन नसते. लग्नात नाव बदललेल्या आपल्या लेकी-सुनांचे हाल तर याहून अधिक होतात, कारण वडिलांच्या जमिनीत माहेरचे नाव आणि ओळखपत्रात सासरचे, असे दोन्हीकडे वेगळे नाव असते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले शपथपत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि खसऱ्याचे साक्षांकित भाषांतर हे तीन कागद पहिल्याच अर्जासोबत जोडावेत. नकार आल्यावर जोडले तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ज्यांच्या खसऱ्यात अजून दिवंगत आजोबा किंवा वडीलच भूमिस्वामी आहेत, त्यांनी आधी फौती नामांतरण, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावे चढवणे, करून घ्यावे. मुदतीचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम ११० प्रमाणे अविवादित प्रकरण तीस दिवसांत आणि विवादित प्रकरण पाच महिन्यांत निकाली निघाले पाहिजे. परंतु हे दिवस पटवाऱ्याच्या (म्हणजे तलाठ्याच्या) हाती कागद दिल्यापासून मोजायचे नसून तहसीलदाराकडे प्रकरण दर्ज झाल्यापासून मोजायचे असतात. पटवाऱ्याकडे दोन महिने पडून राहिलेला कागद कुठल्याच मुदतीत येत नाही, आणि हे अर्जदाराला त्या वेळी कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. कागद दिल्या दिवशीच प्रकरण क्रमांक मागावा. एका चुलत भावाने हरकत घेतली तरी प्रकरण विवादित होते. नाताळच्या सुटीत पाहुणे हवे असतील तर जून-जुलैमध्येच या कामाला लागणे बरे.

खात्यात अनेक नावे असतील तर प्रत्येक सहखातेदाराचे संमतिपत्र घ्यावे, अमेरिकेतल्या भावाचेही. मात्र मंदिराच्या जमिनीबाबत आशा धरू नये. पिढ्यानपिढ्या पूजा करणाऱ्या घराकडे जमीन वहिवाटीत असली तरी भूमिस्वामी म्हणून नोंद देवाची असते. पुजारी हा त्या जमिनीचा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्यप्रदेशाच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशा कुटुंबांनी भावनेच्या भरात अर्ज करून पैसे आणि मन खर्ची घालू नये, एवढेच मी कळकळीने सांगतो.

डायवर्शनचा (महाराष्ट्रातल्या ‘एनए’सारख्या प्रक्रियेचा) प्रश्न येतो तो जमिनीचा उपयोग शेतीहून वेगळा होऊ लागल्यावर. २०१८ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी पूर्वीसारखी अनुज्ञा मिळवत बसावे लागत नाही. प्रीमियम व भू-राजस्व यांचे स्वनिर्धारण करून रक्कम भरायची आणि अनुविभागीय अधिकाऱ्याला सूचना द्यायची असते. मात्र ही सूचना म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. गाव इंदूरच्या निवेश क्षेत्रात (नगर नियोजनाच्या हद्दीत) येत असेल, तर त्या जागेचा विकास योजनेतील भूमी उपयोग नगर तथा ग्राम निवेश कार्यालयातून लेखी काढून घ्यावा आणि मगच स्नानगृहांचा पाया खणावा.

पत्त्याचा पुरावा हा असा कागद आहे की जो उघड्या शेताला सहसा नसतोच. विहिरीवरच्या मोटारीचे वीजबिल बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि त्यावर घरक्रमांक नसतो. अशा वेळी गाव, तहसील व सर्वे क्रमांक लिहिलेले ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि संकेतस्थळाच्या नकाशावरील खूण खसऱ्याच्या नकाशाशी ताडून लावावी. चोरलकडे शेत आणि जंगल यांच्यात एका बांधाचे अंतर असते. खूण वनभूमीत पडली तर अर्ज फिरतोच, शिवाय वन विभागाचा माणूस दारात येतो. शंका असल्यास आधी सीमांकन करावे.

कराविषयीची भीती बरीचशी अनाठायी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खालील अधिसूचनेत हॉटेल आणि अतिथिगृहांबरोबर कॅम्पसाइटचाही उल्लेख आहे. मालकावर जीएसटी नोंदणीची सक्ती नसेल तर त्या बुकिंगवरील कर संकेतस्थळाने भरायचा असतो. चूक होते ती नोंदणीसाठीची वार्षिक २० लाखांची मर्यादा मोजताना, कारण त्यात त्याच पॅनवरील दुकानाची उलाढालही धरली जाते. संकेतस्थळ भाड्यातून जो टीडीएस कापते, त्यातली वर्षाला ५ लाखांपर्यंतची सवलतही खात्यात आलेल्या रकमेवर नसून कमिशन वजा होण्यापूर्वीच्या एकूण भाड्यावर मोजतात, आणि पॅन किंवा आधार दिले नसेल तर पाच टक्के कापले जातात.

जेवण देणार असल्यास एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हे तास पाहुणा पोहोचल्यापासून मोजतात, रविवार असला तरी. तंबूच्या जागी मोबाइलला रेंज नसेल, तर पारपत्र व व्हिसाची छायाचित्रे घेऊन त्याच संध्याकाळी महूपर्यंत जाऊन ती माहिती भरून यावे.