लॉस एंजेलिसच्या संगीतक्षेत्रातला वर्णभेद

लॉस एंजेलिसमधे १९५३ पर्यंत वादकांच्या दोन वेगळ्या युनियन होत्या, गोऱ्यांची लोकल ४७ आणि कृष्णवर्णीयांची लोकल ७६७ (लोकल म्हणजे स्थानिक शाखा), आणि दोन्ही वादकांच्या एकाच राष्ट्रीय फेडरेशनच्या! वर्णभेद म्हटलं की क्लबच्या दारावरची अडवणूक डोळ्यासमोर येते, पण इथली खरी गोम युनियनच्या सदस्यत्वाच्या कार्डात होती. हॉलिवूडच्या स्टुडिओंची, रेडिओची चांगल्या पैशांची कामं जवळपास सगळी ४७ कडे जायची, त्यामुळे ७६७ चा वादक कितीही तयारीचा असला तरी त्याला मुख्यतः क्लबवरच पोट भरावं लागायचं.

घरांच्या कागदपत्रांतच कृष्णवर्णीयांना विकायचं नाही अशी अट घातलेली असायची, म्हणून त्यांची वस्ती सेंट्रल अॅव्हेन्यू या रस्त्याच्या आसपास दाटली आणि तिथेच क्लब अलाबामसारखे क्लब रात्रभर गाजायला लागले. ड्यूक एलिंग्टनसारखे बडे जॅझ संगीतकारसुद्धा शेजारच्या डनबार हॉटेलात उतरायचे, कारण शहरातली बाकीची चांगली हॉटेलं त्यांना खोलीच द्यायची नाहीत. जवळच्या जेफरसन हायस्कूलमधे सॅम्युअल ब्राऊन संगीत शिकवायचे, नामवंत सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन त्यांचाच विद्यार्थी. गोरे श्रोतेही इथे यायचे, पण गोरे-काळे एकत्र दिसले की पोलीस त्रास द्यायचे. १९४८ मधे सुप्रीम कोर्टाने घरविक्रीच्या त्या अटी कोर्टातर्फे लागू करता येणार नाहीत असं सांगितलं, तरी त्याच वर्षी गायक नॅट किंग कोलने हॅनकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी उघड विरोध केला. ज्याची गाणी अख्खा देश ऐकत होता त्याची ही गत, तर साध्या वादकाचं काय होत असेल?

युनियन एक करायची मागणी वादकांनीच लावून धरली. चार्ल्स मिंगस, बडी कॉलेट, बिल डग्लस, मार्ल यंग ही त्यातली महत्त्वाची नावं. त्यांनी दोन्हीकडच्या वादकांचा मिळून सराव करणारा ऑर्केस्ट्रा उभा केला, निवडणूक लढवून ७६७ च्या कार्यकारिणीत शिरले आणि मग मतदान घडवून आणलं. विरोध फक्त गोऱ्यांचाच होता असं नाही, ७६७ च्या जुन्या पुढाऱ्यांनाही आपली संस्था बुडेल असं वाटत होतं, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. १ एप्रिल १९५३ ला विलीनीकरण झालं, कॉलेटसारख्यांना स्टुडिओची कामं मिळाली, पण सगळ्यांसाठी दारं लगेच उघडली नाहीत आणि स्वतःची म्हणून असलेली युनियन मात्र गेली. शिकागोतल्या अशाच दोन युनियन एक व्हायला १९६६ उजाडलं.