नारकोंडमचा धनेश

अंदमानच्या मुख्य बेटांपासून पूर्वेला, भर समुद्रात दोन ज्वालामुखी आहेत. दक्षिणेकडचं बॅरन बेट सुमारे दीड शतक शांत राहून १९९१मध्ये पुन्हा उसळलं. उत्तरेकडचं नारकोंडम मात्र निजलेलं आहे. भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, बर्मी भूपट्टाखाली सरकतो, त्यातून दोन्ही घडली. नारकोंडमच्या लाव्ह्याची माती व्हायला सवड मिळाली आणि ७१० मीटर उंचीच्या माथ्यापासून किनाऱ्यापर्यंत दाट जंगल उभं राहिलं.

बेट जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं. नारकोंडम धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी (हॉर्नबिल) जगात फक्त इथेच सापडतो. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादीची काळी. शेपटी दोघांची पांढरी. २०१९-२०च्या हिवाळ्यातल्या पाहणीत सुमारे हजार पक्षी असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे चौरस किलोमीटरला जवळजवळ दीडशे! कोकणात धनेशाची एक जोडी दिसली तरी दिवस सार्थकी लागतो. इथल्या दाटीमागे आहेत वड-उंबराच्या कुळातली झाडं. ती सगळी एकाच हंगामात फळत नाहीत, त्यामुळे कुठे ना कुठे फळ असतंच. वाटेकरीही थोडे; माकडं इथे नाहीतच. फळं खाऊन धनेश बिया बेटभर टाकतो, म्हणजे आपलं जंगल तोच पेरतो.

अडचण घरट्याची. धनेश स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या, जाड खोडात आपोआप झालेलीच त्याला लागते. विणीच्या काळात मादी आत शिरून विष्ठेने तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग नर तिला फळं भरवतो. या काळात नर मेला तर घरटंच बुडतं.

१९६९मध्ये इथे पोलीस चौकी झाली, १९७६मध्ये बकऱ्या आल्या. त्या रानात पसरल्या आणि वाढल्या. बकरी मोठं झाड पाडत नाही, रोपं खाते. वरून जंगल हिरवंगार, झाडं फळांनी लगडलेली, म्हणून नुकसान चटकन दिसत नाही. खाली मात्र नवी पिढीच उगवत नाही. पुढे बकऱ्या हटवल्या, हे फार बरं झालं. पण त्या वर्षांत गेलेली रोपं आज ढोलीजोगी झाडं व्हायच्या वाटेवर असती.

नंतर बेटावर रडार उभारायचा प्रस्ताव आला. पर्यावरण मंत्रालयाने तो २०१२मध्ये नाकारला, २०१४मध्ये मंजूर केला. खरी भीती रडारच्या मनोऱ्याची नाही, वरपर्यंत जाणाऱ्या रस्त्याची आहे. इतक्या तीव्र उतारावर रस्ता कापला की पावसात माती सुटते, आणि आधी कोसळतात ती कडेची जुनी, पोकळ खोडांची झाडं.