धोरणाचं काम कोल्हापूरला नवं नाही

सामाजिक संस्थेत किंवा सरकारी धोरणांवर काम करायचंय, असं कोल्हापुरातल्या एखाद्या मुलीने सांगितलं की घरातून हमखास विचारलं जातं, 'मग एमपीएससी का देत नाहीस?' काळजी रास्त आहे. पण हे क्षेत्र आपल्याकडे कालपरवा आलं, हा समज खरा नाही.

26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला. हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला आपल्याकडच्या नेमणुकांचं विवरण सरकारला पाठवायचं, हेही त्याच हुकमात होतं. निर्णय घ्यायचा, मग तो पाळला जातोय का हे मोजत राहायचं. आज धोरण अभ्यासक पगार घेऊन करतात ते काम हेच.

जागा भरायला शिकलेली मुलं हवीत, तर त्यांच्या राहण्याजेवणाची सोय आधी हवी. 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग निघाली, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क. दरबाराने जागा आणि अनुदान दिलं, कारभार त्या त्या समाजातल्या मंडळींनी पाहिला. सरकार आणि संस्था यांची ही जोडी इथे इतकी जुनी आहे. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या, कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली.

तरीही विद्यार्थ्यांनी आधी वाचावं ते जे. पी. नाईक यांच्याबद्दल. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, खेड्यात राबला, कोल्हापूर संस्थानात अधिकारी झाला, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत उतरला. पुढे 1964 ते 66 मध्ये देशाच्या शिक्षणाची दिशा आखणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव तेच होते. गाव, संस्था, सचिवालय या तिन्ही ठिकाणी काम केलेला असा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, आणि आपल्या करिअर मेळाव्यांत त्यांचं नाव निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पगारी पेशा म्हणून या कामाला रूप सावकाश आलं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मुंबईत टाटांच्या संस्थेत 1936 मध्ये सुरू झालं. आज त्यासाठी मुंबईच गाठायला नको, कोल्हापुरात सायबर या शिक्षणसंस्थेतही एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता येते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. त्यामुळे संस्थांना हिशेब, आराखडे आणि मूल्यमापन जाणणारी माणसं लागू लागली. खासदारांसोबत संशोधन करण्याची लॅम्प फेलोशिप, राज्य सरकारसोबत काम करण्याची मुख्यमंत्री फेलोशिप या वाटा अलीकडच्या. त्या ठरावीक मुदतीच्याच असतात, ही अडचण घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावी.