खुंटीला चिकटलेले जिवाणू

गुडघ्याचा सांधा बदलून काही महिने झालेले असतात आणि तिथे सूज येते. सुईने काढलेल्या पाण्यात स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा एरवी त्वचेवर राहणारा जिवाणू सापडतो. लॅबच्या रिपोर्टवर पाच-सहा अँटिबायोटिकांसमोर 'एस' लिहिलेलं असतं, म्हणजे जिवाणू या औषधांना दाद देतो. औषध ठरल्याप्रमाणे दिलं जातं, सूज उतरते, आणि कोर्स संपला की परत येते. यात रिपोर्ट खोटा नसतो. त्याने परीक्षा घेतलेली असते ती मोकळ्या तरंगणाऱ्या जिवाणूंची, आणि सांध्यात बसलेले असतात चिकटलेले.

नेहमीच्या चाचणीत ९६ खळग्यांच्या प्लास्टिक प्लेटमध्ये म्युलर-हिंटन ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचं पातळ खाद्य, घालतात. औषधाची मात्रा खळग्यागणिक निम्मी करत नेतात आणि दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू सोडतात. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवल्यावर (व्हँकोमायसिन असेल तर पुरते २४) ज्या सगळ्यात कमी मात्रेला ब्रॉथ गढूळ होत नाही, ती 'एमआयसी'. इथे फक्त वाढ थांबली का एवढंच पाहिलं जातं. जिवाणू मेले का, हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

रांजण आठवडाभर घासला नाही की आतून बुळबुळीत होतो. इम्प्लांटवरचा, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यावरचा, बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) त्याच जातीचा. चिकट थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी पोचतं, तिथले जिवाणू जवळजवळ वाढतच नाहीत. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पेशीभित्ती बांधली जात असताना घाव घालतात. बांधकामच बंद असेल तर घाव कुठे घालणार? अशा जिवाणूंना मारायला एमआयसीच्या शेकडो पट मात्राही लागू शकते, आणि तेही त्यांच्या जनुकांत काहीही बदल न होता. थर मोडून तेच जिवाणू ब्रॉथमध्ये सोडले की पुन्हा साध्या मात्रेला वाढ थांबवतात.

यावर कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात हॉवर्ड सेरी आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. प्लेटच्या झाकणालाच खाली ९६ खुंट्या, प्रत्येक खळग्यात एक बुडेल अशा. खळग्यात १५० मायक्रोलिटर जिवाणू-मिश्रण घालून प्लेट हलत्या शेकरवर सुमारे २४ तास ठेवायची. मग झाकण उचलून खुंट्या सलाइनमध्ये हलकेच बुडवायच्या, म्हणजे न चिकटलेले निघून जातील. काही खुंट्या पकडीने मोडून त्यांवर किती जिवाणू बसले ते मोजायचं. ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण सुरुवातीचा आकडा नसेल तर शेवटच्या आकड्याला अर्थ राहत नाही. उरलेल्या खुंट्या २०० मायक्रोलिटर औषधात २४ तास, पुन्हा धुणं, मग ताज्या ब्रॉथमध्ये बुडवून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरणाऱ्या पाण्यात, अर्धा तास. सुटून आलेले जिवाणू पातळ करत जाऊन आगरवर, म्हणजे जेलीसारख्या खाद्यावर, टाकायचे आणि कॉलन्या (वाढून दिसणारे ठिपके) मोजायच्या.

फसगत होते ती बहुधा शेवटच्या टप्प्यात. खुंटीबरोबर थोडं औषध ताज्या ब्रॉथमध्ये आलं, तर जिवंत जिवाणूही वाढत नाहीत आणि औषध पराक्रमी ठरतं. म्हणून ते निष्प्रभ करावं लागतं, उदाहरणार्थ पेनिसिलिनसाठी बीटा-लॅक्टमेज एन्झाइम घालून. ध्वनिलहरी कमी पडल्या तर शंभर जिवाणूंचा गठ्ठा एकच कॉलनी देतो. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडून मात्रा वाढते, तेव्हा प्लेट ओलसर डब्यात ठेवावी. डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकला कॅल्शियम लागतं, लिटरला ५० मिलिग्रॅम. ते विसरलं की चांगलं औषध नापास होतं. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून थर मोजणं स्वस्त आहे, पण तो रंग मेलेल्या पेशींना आणि चिकट पदार्थालाही लागतो. औषधाने किती मारले, हे त्यावरून सांगू नये.

'९९.९ टक्के मारले' या वाक्याचंही तसंच. खुंटीवर १० लाख असतील तर १ हजार उरले. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर दाखवलं होतं की नुसत्या स्टॅफिलोकॉकसने पू व्हायला लाखो जिवाणू लागतात, आणि रेशमी टाका असेल तर काहीशे पुरतात. परक्या वस्तूजवळ हजार म्हणजे थोडे नव्हेत.

शिवाय खुंटी प्लास्टिकची, सांधा टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमचा. शरीरात धातूवर लगेच फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांचा लेप चढतो आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एपिडर्मिडिसचा भाऊबंद त्यालाच धरून बसतो. त्यामुळे टायटॅनियमच्या चकत्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) भिजवून केलेली चाचणी आम्हाला अधिक भरवशाची वाटते, कटकटीची असली तरी. एक दिवसाचा थर आणि तीन महिन्यांचा थर यांतला फरक मात्र तिथेही राहतोच. अमुक आकड्याखाली औषध चालेल अशी मान्य सीमारेषा एमआयसीला आहे, खुंटीवरच्या आकड्याला नाही. तेव्हा त्याच्या जोरावर एका रुग्णाचं औषध ठरवू नये. औषधांची आपसात तुलना करायला तो उपयोगी.

या तुलनेत स्टॅफिलोकॉकसविरुद्ध रिफँपिसिन उठून दिसतं. १९९८ मध्ये झिमर्ली आणि सहकाऱ्यांचा स्वित्झर्लंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. इम्प्लांट पक्कं होतं, संसर्ग अलीकडचा होता, जखम आतून साफ केली होती. उपचार पूर्ण केलेल्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या जोडीला रिफँपिसिन घेतलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर १२ पैकी ७. एकटं रिफँपिसिन मात्र कधीच देत नाहीत. एका जनुकातला एक बदल त्याला निकामी करतो आणि कोटी जिवाणूंत असा एखादा बहुधा आधीच असतो. म्हणून आधी शस्त्रक्रियेने जिवाणूंची गर्दी कमी करतात, जखम कोरडी होऊ देतात, मग जोडीदारासह ते सुरू करतात. आपल्याकडे हे औषध टीबीचं म्हणूनच ओळखीचं. सांध्याच्या दुखण्यात टीबीची शंका असेल, तर तो नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते, नाहीतर टीबीच्या जंतूला अपुऱ्या औषधांत रिफँपिसिनची सवय लावल्यासारखं होतं.