फेर-नाफेर वाद

कायदे कौन्सिलांवरचा (ब्रिटिश राजवटीतल्या विधिमंडळांवरचा) बहिष्कार चालू ठेवावा की असहकाराच्या कार्यक्रमात फेर करून कौन्सिलांत शिरावे, यावरून काँग्रेसमध्ये १९२२ नंतर पेटलेला वाद. फेर मागणारे ते फेरवाले, नको म्हणणारे नाफेरवाले.

चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधींनी चळवळ आवरती घेतली. मार्चमध्ये ते तुरुंगात गेले. मागे राहिलेल्यांपुढे चरखा होता किंवा निवडणूक. डिसेंबरात गया काँग्रेसमध्ये खुद्द अध्यक्ष चित्तरंजन दास कौन्सिलप्रवेशाच्या बाजूचे असूनही तो ठराव ८९० विरुद्ध सतराशेहून अधिक मतांनी पडला. राजगोपालाचारी, वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद हे नाफेरवाल्यांचे म्होरके. दास आणि मोतीलाल नेहरूंनी मग स्वराज्य पक्ष काढला. आत जायचे ते अडवणुकीसाठी, अधिकारपदे घ्यायची नाहीत, अशी त्यांची प्रतिज्ञा होती.

ही अडवणूक सर्वांत चोख झाली ती मध्य प्रांतात. तिथे १९२३ च्या निवडणुकीत पक्षाला बहुमत मिळाले आणि पुढल्या वर्षी कौन्सिलने मंत्र्यांचे वेतन वर्षाला २ रुपये करून टाकले. द्विदल राज्यपद्धती, म्हणजे काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे ही व्यवस्था, तिथे बंदच पडली.

फट पडली तीही याच प्रांतात. ऑक्टोबर १९२५ मध्ये स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे, कौन्सिलचे अध्यक्ष, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गेले. मोतीलाल संतापले, पक्षाचा सडका अवयव कापून काढला पाहिजे, असे ते म्हणाले. गयेत ज्यांना सोवळ्यांनी ओवळे ठरवले होते, तेच आता सोवळे नेसून उभे होते! न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर आणि डॉ. मुंजे यांना हे पटेना. विठ्ठलभाई पटेल त्याच ऑगस्टात मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, ते चालते, मग तांब्यांनीच काय पाप केले, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यांच्या पाठीशी टिळकांचा शब्दही होता: १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळची ‘प्रतियोगी सहकारिता’. सरकार हात पुढे करील तितका आपणही करावा, मिळेल ते पदरात पाडून उरलेल्यासाठी भांडावे, असा तिचा रोख. या तिघांनी १९२६ मध्ये त्याच नावाचा वेगळा पक्ष उभा केला. (टिळक हयात असते तर कुठल्या बाजूला असते, यावर पुण्यात पुढे बरीच शाई सांडली.)

त्याच वर्षीच्या निवडणुकीत मध्य प्रांतातले स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले. तांबे १९२९ मध्ये काही काळ त्या प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते.