इलेक्ट्रॉन प्रग्रहण (मंद आयन–अणू टकरींतील)

उदासीन अणूच्या वा रेणूच्या जवळून जाणारा धन आयन त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यास इलेक्ट्रॉन प्रग्रहण किंवा भार विनिमय म्हणतात. अणुकेंद्र स्वतःच्याच कवचातील इलेक्ट्रॉन सामावून घेते ते के-प्रग्रहण अगदी निराळे.

‘मंद’ हे इलेक्ट्रॉनाच्या मानाने. हायड्रोजनातील इलेक्ट्रॉनाचा वेग सेकंदाला सु. २,१९० किमी. धरतात; त्याहून बराच कमी तो मंद. सेकंदाला सु. ४०० किमी. वेगाचा सौरवातही (सूर्यापासून वाहणारा भारित कणांचा प्रवाह) त्यामुळे मंदच ठरतो. अशा टकरीत इलेक्ट्रॉनाला दोन्ही अणुकेंद्रांशी जुळवून घ्यायला अवधी मिळतो, म्हणून त्या जोडीला तात्पुरता रेणू मानून गणित मांडतात.

प्रग्रहण प्रथम दिसले ते वेगवान अल्फा कणांत (हेंडरसन, १९२२च्या सुमारास). मंद टकरींच्या उपपत्तीचा पाया १९३२चा. पण तो कोणाचा, हा प्रश्न उरतो. लांदाऊ, झेनर आणि स्ट्यूकेलबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे घातला. मायोराना यांनी त्याच वर्षी चुंबकीय क्षेत्रातील अणूंसाठी तत्सम सूत्र दिले. या उपपत्तीत विनिमयापूर्वीच्या व नंतरच्या स्थितींचे ऊर्जावक्र (दोन अणुकेंद्रांतील अंतरानुसार ऊर्जा दाखवणारे) एका अंतरावर छेदू पाहतात. हे अंतर टकरीत दोनदा ओलांडले जाते, येताना आणि जाताना. इलेक्ट्रॉन कायमचा पलीकडे जायचा तर वक्रबदल दोहोंपैकी नेमका एकदाच व्हावा लागतो. एका वेळी बदलाची संभाव्यता प असल्यास प्रग्रहणाची २प(१−प) येते, म्हणजे सरासरीने कमाल निम्मी. फार हळू वा फार जलद जाणाऱ्या आयनासाठी प शून्याच्या वा एकाच्या जवळ जाते, म्हणूनच त्याच्या हाती काही लागत नाही. दोन ओलांडण्यांमधील तरंगांचे व्यतिकरण स्ट्यूकेलबर्ग यांच्या मांडणीतच आले. ‘लांदाऊ–झेनर’ हे रूढ नाव त्यांना न्याय देत नाही.

आयनाचा भार मोठा असल्यास अभिजात ‘अडथळ्यावरून’ प्रतिमान (दोन केंद्रांमधील ऊर्जेचा अडथळा पुरेसा खाली आला की इलेक्ट्रॉन त्यावरून पलीकडे जातो) बहुधा पुरते. सहापट भाराचा कार्बन आयन हायड्रोजन अणूपासून सु. ६ अँगस्ट्रॉमवर असतानाच इलेक्ट्रॉन सुटतो आणि मुख्यतः चौथ्या कवचात बसतो. तेथून खाली येताना तो प्रकाश सोडतो.

ह्याकुताके धूमकेतूकडून १९९६मध्ये रोसॅट उपग्रहाला क्ष-किरण मिळाले, तेव्हा बर्फाळ, थंड पिंडातून ते कसे, असा पेच पडला. धुळीवरून सौर क्ष-किरणांचे प्रकीर्णन, इलेक्ट्रॉनांचे अवरोध प्रारण (वेग मंदावताना निघणारे) अशी स्पष्टीकरणे पुढे आली. सौरवातातील ऑक्सिजन, कार्बन यांचे आयन धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन घेतात, हे क्रेव्हन्स यांचे १९९७चे मत अधिक ग्राह्य ठरले. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने २०००मध्ये लिनिअर धूमकेतूच्या वर्णपटात ऑक्सिजनासारख्या आयनांच्या रेषा टिपल्या.

टोकामॅकमध्ये (अणुसंमीलनासाठी तप्त आयनद्रायू चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे यंत्र) या प्रक्रियेतून निघणाऱ्या ५२९ नॅनोमीटरच्या कार्बन रेषेवरून आयनांचे तापमान काढतात. आयनांना इलेक्ट्रॉन पुरवणारे तेथील हायड्रोजन अणूंचे झोत मात्र पुष्कळदा मंद वेगाच्या सीमेपलीकडचे असतात.