लॉइड्सच्या बाजारात आपली जोखीम कशी वाटली जाते

बार्ज आणि ड्रेजरच्या विम्यासाठी येणारे ग्राहक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : पुनर्विमा (विमा कंपनीने आपल्यावरील जोखमीचा पुढे उतरवलेला विमा) लंडनच्या लॉइड्समध्ये आहे, तर कागदावर इतकी नावे कशासाठी? लॉइड्स ही विमा कंपनी नसून विम्याचा बाजार आहे, हे त्याचे उत्तर. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक आणि व्यापारी जमत. ज्याला जेवढी जोखीम पेलवे तेवढीच तो पत्करी आणि करारातील मजकुराखाली आपले नाव व रक्कम लिही.

आता व्यक्तींची जागा मुख्यतः सिंडिकेटनी (भांडवल एकत्र करून जोखीम घेणाऱ्या गटांनी) घेतली असली, तरी रीत तीच आहे. ब्रोकर आपली 'स्लिप', म्हणजे जोखमीचा तपशील आणि अटींचा कागद, प्रथम त्या विषयातील जाणकार अंडररायटरपुढे (सिंडिकेटच्या वतीने जोखीम पत्करणाऱ्यापुढे) ठेवतो. तो दर आणि अटी ठरवून, समजा, 10 टक्के हिस्सा घेतो आणि त्याच्या भरवशावर इतर जण सह्या करत जातात. हिश्शांची बेरीज 125 टक्के झाली, तर सर्वांचे हिस्से त्याच प्रमाणात उतरवून 10 चे 8 केले जातात. प्रत्येक जण स्वतःच्या हिश्शापुरताच बांधील असतो. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाले, तेव्हा त्या जहाजाचा 10 लाख पौंडांचा विमा असाच अनेकांत विभागलेला होता. आपला दावा मात्र पॉलिसी देणाऱ्या भारतीय कंपनीकडेच करायचा असतो. या नावांमागे आपल्याला धावावे लागत नाही.

खरा वेळ जातो तो एका चुकीमुळे : जुना अपघात किरकोळ समजून प्रस्तावपत्रात लिहिला जात नाही. एका ग्राहकाचे बार्ज पूर्वी वाळूत रुतले होते आणि तळाचे दोन पत्रे बदलले होते. अर्जात त्याचा उल्लेख नव्हता, पण सर्व्हे रिपोर्टमध्ये नव्या वेल्डिंगची नोंद निघाली. पहिल्या अंडररायटरने दर बदलला आणि त्याच्यामागून सही केलेल्या प्रत्येकाला पुन्हा विचारावे लागले. दावा आल्यानंतर हे उघड झाले असते, तर पॉलिसीच रद्द ठरवली जाण्याचा धोका होता, कारण सागरी विमा अधिनियम, 1963 नुसार महत्त्वाची प्रत्येक माहिती करारापूर्वी सांगणे विमेदारावर बंधनकारक आहे.

आमचे प्रस्तावपत्र लांबलचक आहे, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तरीही ते आम्ही आखूड करणार नाही. त्याऐवजी आमचा माणूस जेटीवर येऊन दुरुस्तीची बिले आणि सर्व्हे रिपोर्ट आपल्यासमोर ताडून पाहील आणि अर्ज भरून देईल. या कामाचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान महिनाभर कळवावे, एवढीच विनंती.